जुन्या स्पोर्ट्स कारचा स्टिरिओ मुका होतो तेव्हा

माझ्या जुन्या दोन सीटच्या गाडीत एके दिवशी उजवीकडचा आवाज बंद झाला. डेक, म्हणजे डॅशबोर्डातला रेडिओ-कॅसेटचा डबा, बाहेर काढला, दुरुस्तीला दिला, आउटपुटचा आयसी (स्पीकरना ताकद देणारी चिप) बदलून घेतला आणि परत बसवला. उजवी बाजू गप्पच. मग म्हटलं स्पीकर गेला असेल, तोही नवा आणला. तरी गप्प. महिनाभराने गाडी धुताना उजवं दार सताड उघडं होतं आणि अचानक दोन्हीकडून गाणं सुरू झालं. दार लोटलं की बंद, उघडलं की चालू. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बुटात, म्हणजे वायरींवरच्या नळीत, एक वायर आतल्या आत तुटली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतल्या तांब्याचे दोन तुकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेव्हापासून डेक हा माझ्यासाठी सगळ्यात शेवटचा संशयित. फ्यूज, विजेचा पुरवठा, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून विजेची परतीची वाट), डेक, कुठेतरी लपवलेला अ‍ॅम्प्लिफायर, दारातून जाणाऱ्या वायरी, स्पीकर, अँटेना अशी ही साखळी आहे आणि वीस-तीस वर्षांच्या गाडीत तिची प्रत्येक कडी तेवढीच म्हातारी असते. स्पोर्ट्स कारमध्ये तर हाल जास्तच. सस्पेन्शन कडक, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट सर्किट बोर्डाला. डॅशबोर्ड अरुंद, त्यामुळे डेकमागे वारा खेळत नाही. छत उघडणारी गाडी असेल तर ऊन आणि पाणी दोन्ही वरून.

हात लावण्याआधी

सगळ्यात आधी कोड शोधा. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्याही बऱ्याच कंपनी-फिटेड डेकना चोरीविरोधी कोड असतो. बॅटरी काढली की पडद्यावर कोडची मागणी येते आणि तो दिल्याशिवाय डेक हूं की चूं करत नाही. कोडचं कार्ड बहुधा गाडीच्या पुस्तकाच्या पाकिटात असतं. कधी आधीच्या मालकाने ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटवलेलं असतं. नाहीच मिळालं तर डेकच्या पत्र्यावरच्या लेबलावर सीरियल नंबर असतो. तो आणि मालकीची कागदपत्रं दाखवली की अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून कोड मिळू शकतो. अंदाजपंचे आकडे दाबत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर डेक स्वतःला कुलूप लावून घेतो. काही डेकमध्ये ते तासभर टिकतं आणि तो तास मोजला जावा म्हणून डेक चालूच ठेवावा लागतो.

कोड हातात असला की, डेक बाहेर काढायच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. डॅशबोर्डात एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतील तर हे थांबणं ऐच्छिक नाही, आणि त्या कनेक्टरना हातही लावायचा नाही. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल, तर झाकण बंद करू नका. का, ते सांगायला नको.

आधी कान, मग मल्टिमीटर

डेक बाहेर काढण्याची घाई असते, पण निम्मं निदान तो जागेवर असतानाच होतं. बिघाड कधी होतो, कशाने होतो, कोणत्या बाजूला होतो, हे दोन दिवस नुसतं टिपून ठेवा.

प्रत्येक वेळी किल्ली फिरवल्यावर स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जात असेल, तर डेकला कायमचा पुरवठा मिळत नाहीये. डेकला दोन पॉझिटिव्ह वायरी लागतात: एक बॅटरीतून थेट, स्मरणशक्तीसाठी, दुसरी किल्लीवरून, चालू-बंदसाठी. पहिलीचा फ्यूज वेगळा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तोच आतल्या दिव्याला किंवा घड्याळालाही पुरवतो. म्हणून आतला दिवा लागतो का, हे आधी बघा. फुकटची चाचणी आहे.

खड्ड्यात आवाज जातो आणि डॅशबोर्डावर थाप मारली की येतो, तर कनेक्टर सैल आहे किंवा बोर्डावर ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला डाग, आहे. गाडी थंड असताना छान वाजतो आणि अर्ध्या तासाने अडखळतो, तरी तेच. उलट सुरुवातीला आवाज दबलेला, फाटका आणि दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू सुधारणारा असेल, तर बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) सुकलेत. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते, एखाद्या ठिकाणी एक बाजू गायब होते, तर आतली कार्बनची पट्टी मळली आहे. खर्जातच एखादा स्पीकर फडफडत असेल, तर त्याच्या शंकूभोवतीची फोमची कड कुजली आहे. बोट लावलं की तिचा चुरा हातात येतो.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे पडदा पेटतो, स्टेशन दिसतं, कॅसेट फिरते, पण आवाज कुठूनच नाही. अशा वेळी लोक डेक मेला असं ठरवून टाकतात. पण डेकमधला आउटपुट आयसी स्वतःचं रक्षण करतो. एखाद्या दारात स्पीकरची एक वायर पत्र्याला टेकली, तरी तो चारही स्पीकर बंद करतो. चारही स्पीकर सोडवा आणि एकेक जोडत जा. ज्याच्या जोडण्याने पुन्हा शांतता पसरेल, तो गुन्हेगार.

डेक बाहेर काढणं

डीआयएन या ठरावीक मापाच्या डेकचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डीआयएनचं १८० बाय १००. दर्शनी पट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं किंवा उभ्या खाचा असतील तर त्यासाठी ठरावीक किल्ल्या मिळतात. खट् आवाज येईपर्यंत त्या आत घाला, बाहेरच्या बाजूला किंचित ताण द्या आणि डेक सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हरने कडा उचकटू नका. वीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लॅस्टिक पापडासारखं मोडतं आणि तुमच्या मॉडेलची नेमकी तीच पट्टी शोधताना नाकी नऊ येतात. खाचा नसतील तर डेक आतून ब्रॅकेटला स्क्रूने धरलेला असतो आणि आधी कन्सोल सोडवावा लागतो. तिथे गिअरच्या दांड्याला जाड कापड गुंडाळा, नाहीतर शेवटच्या क्षणी डेकचा पत्रा त्यावर घासतो.

कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढा. एक नाही, पाच. आणि आधीच्या कुणी वायरी कापून पिळून काळी टेप गुंडाळली असेल, तर तुमचा बिघाड सापडण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. मी तरी आधी टेपच सोडवतो. जुन्या टेपचा चिकट राळ हाताला लागतो, आत हिरवं पडलेलं तांबं दिसतं आणि पुढचा तास वाचतो.

मोजमाप

आता बॅटरी परत जोडा. युरोपियन गाड्यांत आणि बाजारातल्या जोडणीच्या संचांत आयएसओ या प्रमाणित पद्धतीचे दोन आठ-आठ पिनांचे कनेक्टर दिसतात. पुरवठ्याच्या कनेक्टरमध्ये साधारणपणे ४ नंबरला कायमचा पुरवठा, ७ ला किल्लीवरचा, ८ ला अर्थ, ५ ला अँटेनाची किंवा अ‍ॅम्पची कळ आणि ६ ला दिव्यांचा पुरवठा असतो. काही गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते, म्हणून आकड्यावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. किल्ली बंद असतानाही जिथे १२ व्होल्ट दिसतात तो कायमचा. जपानी आणि अमेरिकी गाड्यांचे कनेक्टर आपापल्या पद्धतीचे असतात. तिथे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हवाच.

इथे एक मेख आहे. गंजलेला जोडही मीटरवर निवांत १२.५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. डेक जोडला की तोच जोड मान टाकतो. म्हणून त्या वायरीवर ५ वॅटचा बल्ब लावा आणि तो पेटलेला असताना व्होल्ट मोजा. बॅटरीवर आणि इथे फार फरक असेल तर मधला फ्यूजची खाच किंवा जोड खराब आहे. अर्थची परीक्षा अशीच: स्टिरिओ मोठ्याने वाजत असताना मीटरचं एक टोक डेकच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ सुधारा. अर्थचा स्क्रू सोडवून, पत्रा घासून परत आवळल्यावर बरे झालेले डेक मी पाहिलेत.

स्पीकरसाठी डेकच्या बाजूने कनेक्टर सोडवून प्रत्येक जोडी मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ४ च्या मध्ये दिसतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. मीटर डोळ्यासमोर ठेवून कुणाला तरी दार उघडझाप करायला सांगा. मी हे एवढं केलं असतं तर एक आयसी आणि एक स्पीकर वाचला असता. मग दीड व्होल्टचा सेल जोडीला क्षणभर टेकवा, टक् आवाज यायला हवा. सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला असेल तर शंकू बाहेर सरकतो. दोन स्पीकर उलटसुलट जोडलेले असतील तर खर्ज पातळ होतो, आणि बिघाड नसताना लोक तो शोधत बसतात.

नव्वदच्या दशकापासूनच्या बहुतेक डेकचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत, दोन्हींवर अर्थच्या तुलनेत पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट. त्यामुळे स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडायची नाही, कधीच नाही. याच गोष्टीची एक चाचणीही होते: आवाज शून्यावर ठेवून त्या दोन वायरींच्या मधले व्होल्ट मोजा. जवळपास शून्य यायला हवेत. एक-दोन व्होल्ट स्थिर दिसत असतील तर मात्र आयसीच गेला, आणि तो स्पीकरलाही घेऊन जाईल.

जिथे स्पीकरच्या पाठीवरच अ‍ॅम्प असतो

या प्रकरणात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबूया. स्पोर्ट्स कारमध्ये जागा कमी, म्हणून कंपन्यांनी महागड्या स्टिरिओंमध्ये वेगळीच मांडणी केली. १९८४ पासूनच्या शेव्हरोले कॉर्व्हेटमधला डेल्को-बोस संच किंवा १९९० साली आलेल्या होंडा एनएसएक्समधला बोस संच घ्या. यात डेक फक्त क्षीण सिग्नल देतो, आणि प्रत्येक स्पीकरच्या बंद पेटीवर त्याचा स्वतःचा छोटा अ‍ॅम्प बसवलेला असतो. त्या वायरींवर ओहम मोजून काही कळत नाही, सेल टेकवायचा तर प्रश्नच नाही.

अशा पेटीतून खरखर, फुटाण्यासारखे आवाज किंवा गाडी बंद केल्यावरही फटफट येऊ लागली, की बहुधा तिथले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळलेले असतात. पेटी उघडली की आधी नाकालाच कळतं: खारवलेल्या मासळीसारखा वास येतो. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी ओशट डाग असतो आणि शेजारचा तांब्याचा पट्टा काळवंडलेला असतो. तो द्रव वीज वाहतो आणि तांबं खातो. नुसते कपॅसिटर बदलून भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड दोन-तीनदा धुवावा लागतो, खाल्लेला पट्टा बारीक तारेने सांधावा लागतो. नवे कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या, ८५ चे नकोत. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. तेव्हा उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ही काटकसर महागात पडते. मूल्य तेच ठेवा. व्होल्टची क्षमता तीच किंवा थोडी जास्त.

एक पेटी गेली असेल तर बाकीच्याही रांगेत आहेत असं धरा. त्या एकाच वयाच्या असतात.

वेगळा अ‍ॅम्प असलेल्या संचांत स्पीकर अनेकदा १ किंवा २ ओहमचे असतात. असा स्पीकर नव्या साध्या डेकला थेट जोडला, तर डेक तापून बंद पडतो. उलट, जुन्या अ‍ॅम्पवर ४ ओहमचा नवा स्पीकर लावला तर आवाज चिमणीसारखा येतो. आणि २००३ च्या सुमारापासूनच्या पोर्श ९८६ बॉक्सस्टर किंवा ९९६ मध्ये डेक, अ‍ॅम्प आणि सीडी चेंजर (अनेक सीडी ठेवणारं यंत्र) प्रकाशतंतूच्या कड्याने जोडलेले असतात. त्यातलं एक यंत्र काढलं की कडं तुटतं आणि सगळाच संच गप्प होतो. काढलेल्या जागी कडं पूर्ण करणारा छोटा जोड लावावा लागतो. तो तंतू २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचा नाही.

डेक उघडायचाच असेल तर

वरचं झाकण काढल्यावर भिंग आणि चांगला उजेड घ्या. सगळ्यात आधी मागच्या कनेक्टरच्या पिना, आउटपुट आयसीचे पाय आणि आवाजाच्या बटणाचे पाय बघा, कारण धक्का आणि उष्णता यांचा भार इथेच पडतो. सोल्डरच्या थेंबात पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसली, तर तोच ड्राय सोल्डर. नुसतं पुन्हा गरम करू नका. जुनं सोल्डर ओढून घ्या, सोल्डर नीट धरवणारं फ्लक्स लावा आणि नवा डाग द्या. बटणाची खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आत सोडून ते वीस-तीसदा इकडून तिकडे फिरवा. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे इथे मारू नका, तो धूळ धरतो.

कॅसेट फिरत नसेल किंवा गाणं लांबत असेल, तर रबरी पट्टा ढिला पडलाय. कधी त्याचं काळं डांबर झालेलं असतं. ते अल्कोहोलने पुलीवरून निपटून काढल्याशिवाय नवा पट्टा टिकत नाही. सीडी उडी मारत असेल तर लेन्सवरून अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. तरीही वाचत नसेल तर लेझर थकलाय, त्यावर तास घालवू नका. पडद्यावरचे आकडे अर्धवट दिसत असतील तर आधी दर्शनी पट्टीची रिबन (चपटी वायर) काढून परत बसवा.

रेडिओच फक्त धरत नसेल

अँटेनाची मोटर घुर्र करते आणि दांडी वर येत नाही, म्हणजे आतली दातेरी नायलॉनची दोरी तुटली. दांडी दोरीसकट बदलता येते, मोटर बदलायची गरज बहुधा नसते. जपानमधून आयात झालेल्या गाडीत बिघाड शोधण्याआधी फ्रिक्वेन्सीचा पट्टा तपासा: तिथले जुने डेक ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढंच धरतात. ८८ ते १०८ ची स्टेशनं ऐकायला अँटेनाच्या वाटेत फ्रिक्वेन्सी बदलणारा छोटा डबा लागतो.

मूळ डेक ठेवून फोनवरची गाणी

डेक चालतोय, फक्त जुना आहे, तर तो काढू नका असं मी सांगेन. डॅशबोर्डाच्या हिरव्या किंवा केशरी उजेडाशी मिळतं घेणारा चेहरा परत मिळत नाही. मागे सीडी चेंजरसाठी खाच असेल, तर स्वतःला चेंजर भासवणारा ब्लूटूथचा डबा त्यात लागतो. आवाज उत्तम येतो आणि कुठेही वायर कापावी लागत नाही. खाच नसेल तर कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर. सिगारेट लायटरमधला एफएम ट्रान्समीटर ही शेवटची पळवाट. गर्दीच्या पट्ट्यात तो दर दोन वळणांवर दुसऱ्याचं गाणं ऐकवतो. चौथा मार्ग म्हणजे बोर्डावर, आवाजाच्या नियंत्रणाआधी, आपला सिग्नल सोडणं. तो सर्किटचा नकाशा वाचता येणाऱ्याकडूनच करून घ्या.

बदलायचाच ठरला तर

एकच अट पाळा: गाडीचा मूळ कनेक्टर कापायचा नाही. तुमच्या मॉडेलचा अ‍ॅडॅप्टर आणा, नव्या डेकच्या वायरी टेबलावर बसून त्याला सोल्डर करा आणि गाडीत फक्त खट्कन लावा. बाजारातल्या डेकची रंगांची भाषा बहुतेक एकसारखी असते: पिवळी कायमची, लाल किल्लीवरची, काळी अर्थ, निळी-पांढरी अ‍ॅम्प चालू करणारी, पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. ही भाषा गाडीच्या बाजूच्या वायरींना लागू नसते.

डेकची खोली आधी मोजा. स्पोर्ट्स कारमध्ये मागे हीटरची नळकांडी आडवी येतात. खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’ ला भुलू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ब्रिज पद्धतीतूनही स्वच्छ आवाजाचे वीसएक वॅटच मिळतात. जुन्या चेहऱ्याचे नवे डेकही निघालेत: पोर्शने २०२० साली आपल्या जुन्या गाड्यांसाठी पीसीसीएम नावाचा डेक आणला, त्याचं सिंगल डीआयएन रूप जुन्या ९११ साठी आणि मोठं ‘प्लस’ रूप ९९६ व ९८६ साठी.

नवा डेक लावल्यावर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सूं असा आवाज आला, तर अर्थ दोन वेगळ्या ठिकाणी जातोय का ते बघा. डेक आणि अ‍ॅम्प यांचा अर्थ एकाच जागी आणल्यावर तो बहुधा जातो. अ‍ॅम्प नसेल आणि तरी येत असेल, तर अल्टरनेटर तपासून घ्या.

बंद करण्याआधी

पट्ट्या बसवण्यापूर्वी डेक लोंबकळत ठेवूनच सगळं वाजवून पाहा: चारही स्पीकर, पुढे-मागे, डावं-उजवं, दिवे लावल्यावर उजेड, किल्ली काढून परत घातल्यावर स्टेशनं. दारातलं पॅनल काढलं असेल तर आतला प्लॅस्टिकचा कागद ब्यूटिलच्या चिकट दोरीने सगळ्या बाजूंनी परत चिकटवा. तो फाटका राहिला की काचेवरून उतरणारं पाणी नव्या स्पीकरवरच येतं. मग बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मीटर मालिकेत लावा, दारं बंद करा आणि गाडी झोपी जाईपर्यंत थांबा. करंट ५० मिलिअँपिअरच्या वर राहत असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून बघा. तो काढताच आकडा पडला, तर अ‍ॅम्प किंवा चेंजर जागाच राहतोय आणि बॅटरी उतरणार. कळ देणारी निळी-पांढरी वायर चुकून कायमच्या पुरवठ्याला जोडली की नेमकं हेच होतं.

काढलेला डेक, त्याच्या किल्ल्या आणि कोडचं कार्ड एकाच खोक्यात ठेवा, आणि खोक्यावर गाडीचा नंबर लिहा.